रविवारचे शटर: यूटातल्या एका मराठी खाऊच्या दुकानाचे प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या दुकानाचे आहे. दुकान अमेरिकेच्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, यूटा परगण्यातल्या एका वाढत्या गावात. मी पहिल्या दिवसापासून त्याचे हिशेब बघते. दुकानदार कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावे बदलली आहेत, गावाचे नाव गाळले आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील हलवले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच मांडले आहेत. त्यात माझा चुकलेला सल्लाही आला.

पार्श्वभूमी

मीनल साताऱ्याची, तिचा नवरा समीर सांगलीचा. न्यू जर्सीत ते सात वर्षे होते. तिथे मीनल दिवाळीत घरून फराळ विकायची, आणि चकलीच्या ऑर्डरी गणपतीपासूनच यायला लागायच्या. समीरला लीहाय इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली आणि हे तिघे यूटात आले. मुलगी ईशा तेव्हा नववीत होती. डोंगर जवळ, शाळा चांगली, रस्ते स्वच्छ. मीनलने ठरवले की आता घरून नाही, दुकानच टाकायचे: वडापाव, मिसळ, साबुदाणा वडा आणि चहा.

ही जागा समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही, म्हणून थोडे मागे जाते.

24 जुलै 1847 रोजी आपले धर्मनेते ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग छळातून पळालेली माणसे या कोरड्या खोऱ्यात उतरली. या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आपण मॉर्मन म्हणतो. 2018 पासून त्यांच्या चर्चने 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरावे असा आग्रह धरला आहे. इथले लोक बोलताना सरळ 'मेंबर' आणि 'नॉन-मेंबर' म्हणतात, मीही तेच म्हणेन. या माणसांनी पाट काढले, शेते उभी केली आणि व्यापारही आपल्याच हातात ठेवायचा प्रयत्न केला. 1868 साली बाहेरच्या व्यापाऱ्यांकडून माल घेऊ नका असे सांगून चर्चने स्वतःचे सहकारी भांडार काढले. राज्याचे चिन्ह मधमाश्यांचे पोळे आहे आणि ब्रीद एकाच शब्दाचे: उद्योग. आजही चर्चच्या नोंदीनुसार राज्यातले साठ टक्क्यांच्या आसपास लोक मेंबर आहेत. यूटा परगण्यात हे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे.

त्याच वेळी राज्य झपाट्याने वाढते आहे. 2010 ते 2020 या दहा वर्षांत यूटाची लोकसंख्या 18.4 टक्क्यांनी वाढून 32 लाख 71 हजारांवर गेली. त्या दशकात अमेरिकेच्या कुठल्याही राज्यापेक्षा ही वाढ जास्त होती. यूटा परगण्यातल्या ओरेममधली ऑम्निचर ही सॉफ्टवेअर कंपनी 2009 साली अ‍ॅडोबीने 1.8 अब्ज डॉलरला घेतली, 2012 मध्ये लीहायला अ‍ॅडोबीचे मोठे कार्यालय उभे राहिले, आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारतींची रांग लागली. या पट्ट्याला आता 'सिलिकॉन स्लोप्स' म्हणतात. या वाढीतही धर्माचा हात आहे. तरुण मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष धर्मप्रचाराला जगभर जातात आणि परकी भाषा शिकून, अनोळखी दारे ठोठावायची सवय अंगी बाणवून परत येतात. विक्री विभागांना अशी माणसे आयती मिळतात. घराघरात मुले जास्त, म्हणून राज्याचे सरासरी वय अमेरिकेत सर्वांत कमी. दुसरी बाजूही आहे: बायकांनी घर आधी सांभाळावे ही अपेक्षा खोल रुजलेली आहे, आणि बायका-पुरुषांच्या मिळकतीतली दरी देशातल्या सर्वांत मोठ्या दऱ्यांपैकी एक आहे.

अडचण

मीनलने न्यू जर्सीच्या सवयीने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवले. तिकडे रविवार म्हणजे कमाईचा दिवस. दारावरच्या फलकावर तिने देवनागरीत आणि इंग्रजीत, हातभर अक्षरात एकच शब्द लिहिला होता: चहा.

दोन महिन्यांत दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली रविवारची. मला वाटले होते की रविवारी गिऱ्हाईकच नसेल. तसे नव्हते. भारतीय कुटुंबे साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरातून परतताना थांबत होती, कॅलिफोर्नियातून नव्याने आलेली मंडळी येत होती. गिऱ्हाईक होते, पण हात नव्हते. दुकानात कामाला कॉलेजची मुले, चौघांपैकी तीन मेंबर. त्यांच्यासाठी रविवार म्हणजे चर्च आणि घर. त्या दिवशी खरेदी करायची नाही, दुसऱ्याला आपल्यासाठी राबवायचे नाही. चौथा मुलगा एकटा किती करणार? मीनल आणि समीर सहा दिवस आपापले काम करून सातव्या दिवशी दोघेच काउंटरमागे उभे राहायचे. सहाव्या रविवारी मीनलला कढईसमोर चक्कर आली.

दुसरी गोष्ट चहाची. 1833 सालच्या एका धर्मवचनानुसार मेंबर दारू आणि तंबाखू घेत नाहीत, आणि त्यातल्या 'गरम पेये' या शब्दांचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला जातो. गरमपणाचा प्रश्न नाही, पानाचा आहे. ग्रीन टी चालेल का, थंड चहा चालेल का, अशी तरुणांची शंका असायची. 2019 मध्ये चर्चच्या मासिकाने स्पष्टच सांगितले की तोही चालत नाही. शेजारपाजारच्या बायका मुलांना घेऊन यायच्या, फलक वाचायच्या, काउंटरशी अवघडून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "यात चहा नसलेलं काही आहे का?" ज्या दुकानाचे नावच चहा वाटते, तिथे पोराबाळांना न्यायचे कसे, हा त्यांचा सरळ पेच होता. रागरुसवा काही नव्हता.

समोर असलेले पर्याय

एका मंगळवारी रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही तिघे बसलो. समीरचे म्हणणे, दुकान सॉल्ट लेक सिटीत हलवू. तिथे वस्ती मिश्र आहे, कॉफीची दुकाने गल्लोगल्ली आहेत. पण भाडे जास्त, करार मोडण्याचा दंड वेगळा, आणि ईशाची शाळा बदलणार. दुसरा मार्ग आहे तसेच चालवण्याचा: आपण भारतीयांसाठी आणि नव्याने आलेल्यांसाठी आहोत, बाकीचे येवोत न येवोत. वस्ती वाढतेच आहे, हा त्यामागचा भरवसा. पण वाढ होईपर्यंत भाडे कोण भरणार, याला कोणाकडे उत्तर नव्हते.

मी तिसरा मार्ग सुचवला: रविवार बंद, चहाही बंद. हिशेब बघणाऱ्या माणसाच्या नजरेला तो स्वच्छ दिसत होता. चहाला पातेले, गॅस, दूध, एक माणूस, आणि नफा मोजका. मी मीनलला म्हटले, मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, तिथे कोणी शुक्रवारी सूत विकायला बसत नाही. गावाचा वार असतो तो पाळायचा.

रविवारच्या बाबतीत हे बरोबर होते. चहाच्या बाबतीत चूक होते, पण ते कळायला चार महिने गेले.

केलेली कृती

रविवार बंद झाला. सोमवारी संध्याकाळीही मेंबर कुटुंबे घरी एकत्र बसतात असे ऐकून मीनल तो वेळही बंद ठेवणार होती. ते मी थांबवले, कारण गल्ला वेगळे सांगत होता: बरीच कुटुंबे जेवण बाहेरून नेऊनच घरी बसत होती. त्या पिशव्यांमध्ये 'कमी तिखट' अशी चिठ्ठी असायची. सणवारांचेही तसेच. 24 जुलैला राज्याची सुट्टी आणि मिरवणुका, तेव्हा दुप्पट माल. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी चर्चचे मोठे अधिवेशन, लोक घरी टीव्हीसमोर, तेव्हा शनिवारी सकाळीच बांधून न्यायच्या ऑर्डरी.

चहाच्या जागी काय, हा प्रश्न दुकानातल्याच एका मुलाने सोडवला. यूटात सोड्याची दुकाने ठायीठायी आहेत. दारू नाही, कॉफी नाही, म्हणून गोड सोड्यात नारळाचे सरबत आणि साय घालून प्यायचा इथे मोठा शौक आहे. असे दुकान चालवणारी स्विग ही साखळी 2010 साली याच राज्यातल्या सेंट जॉर्जमध्ये सुरू झाली. त्या मुलाने एके दिवशी मीनलचे कोकम आगळ घेतले, साखरेचा पाक, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घातले, वर सोडा ओतला आणि शेवटी नारळाचे घट्ट दूध सोडले. पेल्यात गुलाबी ढग खाली उतरला. मीनल एक घोट घेऊन गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अरे, ही तर सोलकढी." गावाला आधीपासून आवडणारे पेय आणि आपल्या ताटातले पेय यांच्यात फक्त सोड्याचे अंतर होते. त्या उन्हाळ्यात दुपारच्या विक्रीत सर्वांत मोठा वाटा कोकम सोड्याचा होता, त्याखालोखाल पियुषचा.

मग वॉर्ड आला. इथे 'वॉर्ड' म्हणजे चर्चचा मोहल्ला. तुमचा वॉर्ड तुमच्या पत्त्यावरून ठरतो, आवडीवरून नाही. त्याचा प्रमुख बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो, शेजारचाच कोणी दंतवैद्य किंवा अभियंता असतो. बायकांची रिलीफ सोसायटी 1842 पासून आहे. कोण आजारी, कोणाची बाळंतीण, कोणाच्या घरी जेवण पोचवायचे, हे तिथे ठरते. मीनलच्या गल्लीतल्या एका बाईंनी तिला विचारले, सोसायटीच्या जेवणाला शंभरेक ताटे करशील का?

चर्चच्या इमारतीतला मोठा हॉल म्हणजे बास्केटबॉलचे मैदान. बास्केटच्या खाली टेबले लावली होती. मीनलने मिसळीची तर्री वेगळ्या भांड्यात ठेवली, मटकी साधी ठेवली, फरसाण शेवटी वरून घालायला दिले. तर्रीचे भांडेही रिकामे झाले. पुढच्या तीन आठवड्यांत शेजारच्या चार वॉर्डांमधून ऑर्डरी आल्या. सहा महिने जाहिरातीवर केलेल्या खर्चाने जे झाले नव्हते, ते एका जेवणाने झाले. पण मला त्याच रात्री काळजी वाटली, आणि ती मी मीनलला बोलून दाखवली: ज्या वाटेने कौतुक एवढ्या वेगाने जाते, त्याच वाटेने एखादी तक्रारही जाईल. सगळी ऑर्डर एकाच जाळ्यातून येऊ देऊ नकोस.

त्या जाळ्याचा एक वेगळाच पैलू लवकरच दिसला. ओळखीतल्या एका गृहस्थांनी मीनलला एका धंद्यात पैसे गुंतवायला सुचवले. "वॉर्डातले बरेच जण आहेत," एवढाच दाखला. एकाच प्रार्थनेला बसणाऱ्या माणसांचा एकमेकांवर विश्वास असतो, आणि त्या विश्वासावर फसवणूक करणारेही निघतात. यूटात हा प्रश्न इतका जुना आहे की राज्याने आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची सार्वजनिक यादी 2016 मध्ये सुरू केली. मी कागद मागायला लावले. कागद मागितल्यावर तो विषय परत निघाला नाही. त्या गृहस्थांवर मी आरोप करत नाही, पण नातेसंबंधाच्या उबेत कागद मागायला मीनलला फार जड गेले होते, हे इथे नोंदवणे मला गरजेचे वाटते.

जे हिशेबाच्या वहीत दिसत नव्हते

फलकावरून चहा काढल्यानंतर दुपारी चारची गर्दी ओसरली. काचेच्या इमारतींतून येणारे भारतीय अभियंते चहासाठी यायचे आणि वडापाव घेऊन जायचे. चहा गेला तसा वडापावही गेला. मी चहाचा नफा मोजला होता, चहामुळे खपणाऱ्या वड्यांचा नाही. ही माझी चूक, आणि हिशेबनीस म्हणून ती लाजिरवाणी आहे.

पण मीनलला लागले ते दुसरेच. साठीच्या एक बाई रोज अकराला येऊन कोपऱ्यात चहा पीत बसायच्या. जन्माने इथल्याच, खापरपणजोबा बैलगाडीतून आलेल्यांपैकी, आणि काही वर्षांपूर्वी चर्च सोडलेल्या. चहा बंद झाल्यावर त्या एकदा आल्या आणि म्हणाल्या की या गावात चहाचा पेला हातात धरून बसता येईल अशा जागा त्यांना फार नाहीत, सगळे ओळखीचे असतात, इथे कोणी बघत नव्हते. मग त्या कोकम सोडा न घेताच गेल्या.

मीनलने त्या रात्री मला फोन केला. "ताई, मी रविवार बंद ठेवला तो दुकानातल्या मुलांच्या सोयीसाठी. चहा कोणासाठी बंद केला? मला कोणी सांगितलंच नव्हतं." खरेच कोणी सांगितले नव्हते. एकाही मेंबर गिऱ्हाइकाने चहा विकू नका असे म्हटले नव्हते. त्यांना फक्त आपल्या पेल्यात चहा नाही ना, एवढी खात्री हवी होती. बहुसंख्यांची भीती ही पुष्कळदा अशी आपल्याच डोक्यात तयार होते, आणि मी ती तिच्या डोक्यात घातली होती.

चहा परत आला. फलकावर हातभर अक्षरात नव्हे, इतर पेयांच्या रांगेत. आपल्याकडे पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, त्यावरून मीनलला सुचले: ज्या पेयात चहापत्ती आहे त्यापुढे तिने एक छोटे पान काढले. पातेले वेगळे, गाळणे वेगळे. उपवासाच्या फराळाला वेगळी कढई ठेवणाऱ्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावे लागले नाही. गाळणे वेगळे का, असे एका लहान मुलीने विचारले, तर मीनलने तिला एकादशी समजावली. मुलीची आई म्हणाली, आमच्याकडेही महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा असतो, दोन वेळचे जेवण सोडतो आणि वाचलेले पैसे गरजूंना देतो. दोघी काउंटरवर बराच वेळ बोलत राहिल्या, मागे रांग वाढली.

सगळे इतके गोड नव्हते. ईशाच्या शाळेला लागून रस्त्यापलीकडे चर्चची सेमिनरी आहे. 1912 पासून यूटात ही पद्धत आहे: शाळेच्या वेळापत्रकातला एक तास मोकळा घ्यायचा आणि धर्मशिक्षणाला जायचे. तिसऱ्या तासाला ईशाच्या सगळ्या मैत्रिणी दप्तरे उचलून रस्ता ओलांडायच्या आणि ही ग्रंथालयात. बुधवारी संध्याकाळी त्यांचे तरुणांचे कार्यक्रम, तिथेच पुढच्या सहली ठरायच्या. कोणी तिला हाकलले नाही, उलट सगळ्यांनी बोलावले. पण बोलावणे आणि आपल्यात धरणे यांतले अंतर पंधराव्या वर्षी फार बोचते. ती म्हणाली, मी सेमिनरीत जाऊन बघते. समीर तडकला. मीनलने जाऊ दिले. काही आठवडे गेली आणि आपणहून थांबली, पण त्या आठवड्यांत घरात बाप-लेकीचे बोलणे तुटले होते. ते भरून यायला स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरातली होळी यावी लागली. तिथे दरवर्षी हजारो तरुण येतात, त्यात मेंबर मुलांची संख्या मोठी. दारूशिवाय नाच-गाणे आणि रंग, त्यांना हवे तेच. त्या दिवशी रस्ता ओलांडून मैत्रिणी ईशाच्या बाजूला आल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात मीनल बर्फावर घसरली, मनगट मोडले. आठ दिवस संध्याकाळी दारात झाकलेले डबे येत होते आणि सकाळी समीर उठायच्या आत अंगणातला बर्फ काढलेला असे. तोवर या घराने चर्चला येणार नाही हे नम्रपणे सांगून झाले होते. त्यानंतर काही घरांचे येणे-जाणे कमी झाले हे खरे, आणि डबे थांबले नाहीत हेही खरे.

निकाल

दुकान तिसऱ्या वर्षात आहे आणि स्वतःच्या पायावर आहे. भाडे सात दिवसांचे, कमाई सहा दिवसांची, त्यामुळे नफा बेताचा. मंदिरात जाणाऱ्यांच्या रविवारच्या ऑर्डरी शनिवारी रात्री बांधून ठेवतात, समीर सकाळी तासभर दाराशी उभा राहून देतो, शटर खालीच असते. वॉर्डांच्या जेवणांचा वाटा निम्म्याच्या खाली ठेवायचा हे आम्ही ठरवले आहे आणि दर तिमाहीला मी ते तपासते. चारची गर्दी परतली. कोपऱ्यातल्या बाईही परतल्या.

पुन्हा करायचे झाले तर

भाड्याचा करार करण्याआधी आम्ही रस्त्यावरची रहदारी मोजली, ती शनिवारची. महिनाभर सातही वार त्या चौकात उभे राहायला हवे होते. कामगारांच्या उपलब्धतेचे गणित गिऱ्हाइकांच्या आधी मांडायला हवे होते, कारण धर्माचे वजन आम्हाला आधी तिथेच जाणवले. मुलाखतीत धर्म विचारायचा नसतो, पण कोणत्या वारी येता येईल हे विचारता येते, आणि आम्ही तेही विचारले नव्हते. एखादी वस्तू काढण्याआधी चार गिऱ्हाइकांना थेट विचारायचे, ही शिस्त मी आता माझ्या सगळ्याच दुकानांना लावली आहे. आणि ईशाच्या शाळेला कोणी आधी जाऊन आले असते, सेमिनरीची इमारत पाहून घरात आधीच बोलणे झाले असते, तर तो एक हिवाळा तिच्यासाठी थोडा सोपा गेला असता. त्याची हळहळ मीनलला अजून आहे.

गेल्या महिन्यात कराराचे नूतनीकरण झाले. त्या जागेचा नवा मालक बाहेरच्या राज्यातला, त्याच्या छापील मसुद्यात सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची अट होती. मीनलने ती खोडून घेतली आणि तिथे लिहून घेतले: रविवारी दुकान उघडायचे की नाही हे दुकानदार ठरवेल.